कॅसेट ऐकून मिळेल

त्या माणसाने माझं काम केलं की बिघडवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर ओके किंवा रिजेक्ट, एवढे दोनच शब्द लिहायची माझ्या हाताला सवय. या एका माणसापुढे मात्र माझं पेन तसंच हातात राहतं. आता ते काळेवाडीत नाहीत. लेकीकडे नागपूरला गेले म्हणतात. खोलीला कुलूप आहे, आणि खालच्या सीट कव्हरवाल्याला पत्ता माहीत नाही. मग विचारायचं तरी कोणाला?

गल्लीत त्यांना सगळे खरखरकाका म्हणायचे. म्हणजे तोंडावर काका, आणि पत्ता सांगताना खरखरकाका. मला कंपनीतल्या एकीने सांगितलं होतं की जुन्या कॅसेट साफ करून पेन ड्राइव्हवर देणारा एक म्हातारा काळेवाडीत आहे, चिकट आहे, पण काम चोख. मी रविवारी जिना चढून वर गेले तर दारावर पाटी: ‘कॅसेट ऐकून मिळेल’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘घाई असल्यास येऊ नये’. मी तिथेच भडकले. अहो, ऐकून मिळेल म्हणजे काय? ऐकायचं मला आहे, तुम्ही ऐकून मला काय मिळणार?

हेच मी त्यांना विचारलं. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, "परत सांगा. त्या कानाशी नव्हतं बोलायचं."

आतून काकू ओरडल्या, "अहो ताई, उजव्या बाजूने बोला त्यांच्याशी! डावा राखीव आहे."

राखीव कान! मी रिझर्वेशनचे पुष्कळ प्रकार ऐकले होते, हा नवा होता. काकांच्या डाव्या कानात कायम कापसाचा बोळा असायचा. तो कान फक्त कामासाठी. संसार, भाजीवाला, फोन, टीव्हीच्या बातम्या, नातेवाइकांची रडगाणी, हे सगळं उजव्या कानाने. डावा कान उघडायचा तो फक्त कॅसेट लावताना. लग्न झाल्यापासून काकू त्यांच्या उजवीकडेच झोपत, उजवीकडेच बसत आणि भांडणंही उजवीकडूनच करत. "माझा डाव्या कानाशी परिचयच नाही," असं त्या मला एकदा हसत म्हणाल्या, पण पूर्ण हसून नाही.

हे सगळं वेड कंपनीतलं. काका आयुष्यभर चिंचवडच्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात आवाज तपासायच्या खोलीत होते. गिअरबॉक्स फिरवायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. पुढे कॉम्प्युटर आला. तो नुसतं ‘फेल’ म्हणायचा. कुठे फेल, ते काकांनाच विचारावं लागायचं. मग काका टॅगवर एक शब्द लिहून गिअरबॉक्सला अडकवायचे. किरकिर. टकटक. खरखर. भणभण. त्या एका शब्दावर पुढची माणसं कोणता भाग खोलायचा ते ठरवायची.

"नॉईज हा शब्द माझ्या घरात चालणार नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं. "नॉईज म्हणजे काय? ताप आलाय म्हणण्यासारखं आहे ते. कसला ताप? एकदा एका पोक्त माणसाने खरखरीच्या जागी घरघर लिहिलं, आणि दुसऱ्या शिफ्टने चांगला गिअरबॉक्स मुळापासून खोलून ठेवला. शब्द चुकला की चुकीचा पार्ट निघतो, ताई. काय काढू, ते नीट सांगा."

हे मी ऐकलं, मान हलवली, आणि नीट सांगितलं नाही. पण ते पुढे येईलच.

त्या घरात भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. त्याची टिकटिक नको म्हणून सेल काढून ठेवलेला. किती वाजले विचारलं की काका म्हणायचे, "ए बाजू संपत आलीये." काकू कुकर लावायच्या तो ए बाजू संपून बी बाजू लावेपर्यंतच्या फटीत, त्यामुळे त्या घरातला भात कधी पक्का शिजलेला मी पाहिला नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर गोणपाट अंथरलेलं, भांडं पडलं तरी वाजू नये म्हणून. शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर सुरू झाली की काका काम थांबवून हात बांधून बसायचे. त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणी त्यांच्या पंगतीत न बोलावता येऊन बसलंय.

गिऱ्हाइकांशी वागायची तऱ्हाही तशीच. वाकडचे एक गृहस्थ आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. बँडचा गोंगाट काढा, मंगलाष्टकं ऐकू आली पाहिजेत, म्हणाले. काकांनी महिनाभर कॅसेट ठेवली आणि जशीच्या तशी परत केली, वर चिठ्ठी लावून: ‘मुलीच्या मामाला सर्दी आहे. बाकी ठीक.’ ते गृहस्थ जिन्यात उभे राहून मलाच विचारत होते, "मॅडम, याचा अर्थ काय घ्यायचा?" मी काय सांगणार, कपाळ?

एका बाईंकडे त्यांच्या मुलाच्या तान्हेपणाच्या रडण्याची कॅसेट होती. मागे एक कुत्रं भुंकत होतं. काकांनी आठवडाभर बसून ते कुत्रं काढलं. मग परत घातलं. का, तर म्हणे कुत्रं काढल्यावर बाळ कशाला दचकून रडतंय ते कळेना. आणि असा हा माणूस दुसऱ्या कोणाच्या आजोबांचा खोकला मात्र न विचारता काढून मोकळा! मी एकदा वैतागून म्हटलं, काका, तुमचा नियम तरी काय? एकाचं काढत नाही, दुसऱ्याचं न सांगता काढता. त्यावर म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. पण ते तुमच्याशीच बोलतंय असं समजायचं नाही." याचा आणि माझ्या प्रश्नाचा संबंध काय, हे मी आजही शोधतेय.

आता माझ्या कॅसेटचं सांगते.

माझ्या वडिलांची, दादांची, चाकणजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी होती. दादा तोतरे होते. लहानसहान तोतरे नव्हेत, चांगले अडकायचे. ‘म’वर अडकले की मान ताणायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी हाताने खूण करून शब्द सोडून द्यायचे. लोक हसायचे. त्यामुळे घरात दादा म्हणजे गप्प माणूस. जेवायला बसले की मीठ हवं असेल तर बोट दाखवणार. माझ्याशी ते आयुष्यात सलग चार वाक्यं बोलले असतील असं मला आठवत नाही. वर पिठाच्या धुळीने छाती गेलेली, श्वास घेताना आवाज यायचा. मी नोकरीला लागले त्याच वर्षी ते गेले.

मी शाळेत असताना मामाने टेपरेकॉर्डर आणला होता. एकदा शाळेत जाता जाता तो गिरणीत नेऊन मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मैत्रिणीने हाक मारली म्हणून तशीच पळाले. कॅसेटची पूर्ण बाजू गिरणीतच भरली. घरी लावली तर नुसता गोंधळ. गिरणी सुरू, आणि तिच्या पोटात कुठेतरी कोणीतरी बोलतंय, शब्द एक कळत नाही. मामा म्हणाला, पुसून गाणी भरू. आईने ती कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली आणि साड्यांच्या ट्रंकेत ठेवली. "त्यात ह्यांचा आवाज हाय," एवढंच बोलली. दादा गेल्यावर ती कॅसेट ट्रंकेसकट रावेतला माझ्या फ्लॅटमध्ये आली, आईबरोबर.

आणि आता आईचे कान चालले होते. तीस वर्षं गिरणीत उभी राहिलेली बाई, दुसरं काय होणार? मी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून मला सांगितलं, "बारीक आवाज बरेच गेलेत. जाड आवाज थोडे राहिलेत."

आईने माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हनती? बारीक का जाड? दळायला आलीय व्हय ही?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या की राहिलेलंही फार दिवस टिकेल असं वाटत नाही, काही ऐकवायचं असेल तर ऐकवून घ्या. यंत्र बसवलं, तर आई दोन दिवसांत ते डबीत ठेवून मोकळी. कानात किडा वळवळतोय म्हणाली. त्याच आठवड्यात तिने ट्रंक उघडून कॅसेट काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "ह्ये येकदा ऐकीव मला. मंग ऱ्हायलं तरी चालंल."

मंग ऱ्हायलं तरी चालंल! मी तोंड फिरवून गॅसपाशी गेले आणि बराच वेळ चहाच उकळत बसले. त्या रविवारी मी काळेवाडीचा जिना चढले.

काकांनी कॅसेट हातात घेतली, फिरवून पाहिली, पेन्सिलीने अलगद सैल टेप ताणून घेतली. मग डाव्या कानातला बोळा काढला. माझ्यासमोर एकदाच लावली. लावताना तिची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि मग कॅसेट रुमालात गुंडाळून मला परत दिली. "आता हिला परत लावायचं नाही. फार थकलीये." मग त्यांनी रीत सांगितली. टेपची स्वतःची एक सर्र असते, ती आधी कमी करायची. मग जिथे कोणीच बोलत नाही असा तुकडा शोधायचा, कॉम्प्युटरला दाखवायचं की बाबा रे, हे एवढं नकोय, आणि मग तो तेवढंच सगळीकडून वजा करतो. हात आखडता ठेवायचा, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. हे सगळं सांगताना ते इतके शहाणे वाटले की मी निर्धास्त झाले.

त्यांनी पिवळा टॅग पुढे केला. "काय काढू?"

मी म्हटलं, "ती मागची घरघर काढा." आणि तसंच लिहिलं: घरघर, काढणे. खाली सही केली. क्वालिटीवाल्या बाईची सही, एकदम ठसठशीत.

तीन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह मिळाला. घरी लावला तर गिरणी जशीच्या तशी! उलट आणखी ठसठशीत. आणि तिच्या मागे जो कोणी बोलत होता तो दादा नव्हता. गुळगुळीत, तुकतुकीत, कोणीतरी परका बाप्या. शब्द तर अजूनही कळत नव्हते. आईला हेडफोन लावला, तिने क्षणभर ऐकलं आणि काढून ठेवला. "ह्ये कोन?"

मी हाफ डे टाकून काळेवाडीला गेले. जिन्यातूनच सुरू झाले. "काका, तीन आठवडे काय केलंत? गिरणी तशीच आहे!"

"गिरणी काढायला कुठे सांगितलं होतं?"

"घरघर काढा म्हणून लिहून दिलं नव्हतं?"

"दिलं होतं. काढली." त्यांनी टॅग दाखवला. "प्रत्येक शब्दाच्या आधी त्यांच्या छातीत घरघर होती. एकेक श्वास हाताने काढलाय, ताई. अकरा दिवस लागले. सोपं काम नव्हतं."

दादांचा श्वास! या माणसाने अकरा दिवस बसून माझ्या बापाचा श्वास काढून टाकला होता, आणि वर शाबासकीची वाट बघत होता.

"अहो, गिरणीची घरघर म्हणत होते मी! जात्याची घरघर म्हणत नाहीत का लोक?"

"जातं हाताचं. ही पट्ट्यावरची गिरणी. हिची धडधड, आणि मोटरची भणभण. घरघर माणसाला लागते."

"मग तुम्हाला कळलं नाही, की कोणती मुलगी बापाचा श्वास काढून मागेल?"

काकांनी टॅग खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, त्रास होत असेल ऐकायला. शेवटी शेवटी तसलं ऐकलेलं असतं घरच्यांनी. लोक काढून मागतात."

चूक माझ्या शब्दाची होती, का त्यांच्या डोक्याची, का दोन्हीची, हे तेव्हाही कळलं नाही. काकूंनी कच्चट भात आणि आमटी पुढे ठेवली. मी रडत रडत दोन घास खाल्ले, आणि नवा टॅग भरला: धडधड, काढणे. भणभण, काढणे. घरघर, परत लावणे.

दुसऱ्या खेपेला काकांनी काम झकास केलं, हे मला कबूल करायलाच हवं. त्या कॅसेटमध्ये मधे मधे लांब फटी होत्या. दादा थांबलेत, कोणी बोलत नाही, फक्त गिरणी. काका त्या फटींवर खूश होते. "असे स्वच्छ तुकडे मिळत नाहीत हो. यात माणूस नाही." तेच तुकडे त्यांनी कॉम्प्युटरला दाखवले, आणि गिरणी निघाली.

मी कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, एकटीने ऐकलं. आधी दादांचा श्वास आला. मग आवाज. बारीक, थोडा नाकातला, दादांचाच. आणि ते बोलत होते. सलग! न अडकता, न थांबता, म सुद्धा नीट, एखादा माणूस ओसरीवर बसून गप्पा मारतो तसे. बाजारात गव्हाचं काय झालं, पट्टा बदलावा लागेल, कोणाच्या म्हशीला काय झालं. आणि मग: "पोरगी हुशार हाय. तिला शिकवायची, मागं घ्यायची न्हाई. मला बोलता येत न्हाई म्हून लोकं मला फसवत्यात. तिला कोन फसवंल? तोंड हाय तिला."

मी ढसाढसा रडले. आणि रडता रडताच माझ्या डोक्यात किडा शिरला. हे दादा कसे असतील? दादा चार शब्द सलग बोलायचे नाहीत. या म्हाताऱ्याने श्वास काढला होता, तसंच अडखळणंही काढलंय! तुकडे कापून, जोडून, मला एक नवा बाप बनवून दिलाय. आणि तो काय बोलला तेही मग खरं का? मला जे हवं होतं तेच कसं काय बोलला तो?

संध्याकाळी आईला ऐकवलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काय न्हाई यात. बारीक चिलटावानी कायतरी वाजतंय. गिरनी कुटं हाय?"

मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "गिरणी काढली, आई! दादांचा आवाज मोकळा केला!"

"गिरनी बंद केली?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच येडी. "मंग त्ये कसं बोलत्याल? गिरनी बंद झाली की त्ये गप व्हायचे. गिरनी चालू झाली की जीभ सुटायची त्यांची. लई बोलायचे. सकाळधरनं बोलायचे. तुला ठावं न्हाई व्हय?"

न्हाई. मला ठावं न्हाई. मी शाळेत असायचे. घरी यायचे तेव्हा गिरणी बंद झालेली असायची आणि दादा बोटाने मीठ मागत असायचे. माझा बाप रोज सकाळी बोलका असायचा, आणि ते फक्त माझ्या आईला माहीत होतं.

तरी खात्री कुठे होती? दुसऱ्या दिवशी परत काळेवाडी. मी थेट विचारलं, "काका, खरं सांगा. अडखळणं काढलंत का?"

"टॅगवर होतं का?"

"नव्हतं."

"मग नाही काढलं."

"खोकला नाही काढलात कोणाचा, न विचारता?"

"तो काढला होता," ते शांतपणे म्हणाले. "पण तो खोकला होता."

डोक्याला शॉट! मी आईचं बोलणं सांगितलं. काका एकदम सरळ बसले. त्यांच्या कारखान्यातही एक होता म्हणे. बाहेर त-त-त करायचा, आणि त्या खोलीत मशीन सुरू झालं की खडाखडा बोलायचा. "स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की काही जणांची जीभ सुटते. मी पाहिलंय हे." आणि मग, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस गिरणीला टेकून बोलतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही घरघर लिहून दिलंत."

हा माणूस मला चिडवत होता, शहाणपणा करत होता, का त्याला खरंच एवढंच कळायचं? मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कमरेएवढा लाकडी स्पीकर ढकलत बाहेर आले. "आईंना जाड आवाज ऐकू येतो म्हणालात ना? हेडफोनमधून काय ऐकवताय त्यांना? चला, रिक्षा बोलवा."

रावेतला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो स्पीकर, मी आणि काका असे उभे होतो आणि वॉचमन आमच्याकडे संशयाने बघत होता. आई सोफ्यावर बसली होती. दोघांची ओळख करून देणं म्हणजे एक तमाशाच झाला. ही बहिरी, आणि ते कान बदलून बदलून ऐकणार. आई ओरडून विचारायची, "जेवून आलाव का?" आणि काका उजवीकडून डावीकडे सरकत म्हणायचे, "काय म्हणाल्या?" शेवटी काकांनी तिच्यासमोर जमिनीवर बैठक मारली आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारलं, "आई, यातलं काय काढू?"

इतक्या दिवसांत हे आईला कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

"काडायचं काय त्यात?" आई म्हणाली. "लावा की."

काकांनी साफ केलेलं काहीच लावलं नाही. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर उतरवलेली नक्कल लावली, टेपच्या सर्रसकट, धडधड, भणभण, घरघर सगळं त्यात. आवाज वाढवत नेला. गिरणी सुरू झाली. माझ्या तळपायांना फरशी थरथरताना कळली, शोकेसमधले कप किणकिणायला लागले. आईने पाय खाली टेकवले. मग पदर घेऊन नाकावर धरला, पीठ नाकात जाऊ नये म्हणून. तिचे डोळे बारीक झाले. गिरणीच्या पोटात तो आवाज बोलत होता, मला एक शब्द कळत नव्हता, आणि आई मान डोलवत होती.

पहिली फट आली. ज्यात माणूस नाही असा तो स्वच्छ तुकडा. आईने पदर बाजूला केला आणि गिरणीच्या वर आवाज चढवून, मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता अशा तरण्या आवाजात, ती ओरडली, "व्हय, गहू दिलाय त्यांचा! जाडच काडलाय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्या फटीत माणूस होता. दूरच्या बाजूला, धान्य ओतत उभा होता, टेपरेकॉर्डरपर्यंत त्याचा आवाज पोचला नव्हता एवढंच. दादा थांबत होते ते आई बोलत होती म्हणून. आणि आम्ही तोच तुकडा ‘हे नकोय’ म्हणून दाखवला होता.

दादा पुढे बोलत होते, आई थांबून ऐकत होती. पुन्हा फट आली. आता कोणती जागा असेल ते मला कळलं, कारण ती जागा मी गाडीत ऐकली होती. आई हसली. "शिकली बरं का!" ती ओरडून सांगत होती. "कंपनीत हाय आता. लोकांच्या चुका काडती. तोंड आजून हाय तसंच हाय, कोन फसवत न्हाई तिला!"

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरचे होते, काय धिंगाणा लावलाय म्हणत होते. काका बाजूलाच होते, पण ते गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसले होते, दोन्ही कान उघडे टाकून. मी डोळे पुसत आईजवळ गेले, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "आई, खालचे ओरडतायत. आवाज थोडा कमी करू?"

आईने माझा हात झटकला.

"गप बस गं जरा. त्ये बोलत्यात."